नेल्सन रोद्रिगेस यांच्या नाटकांतील निसर्गवाद आणि अतिनाट्य

नेल्सन फाल्काओ रोद्रिगेस (२३ ऑगस्ट १९१२, रेसिफे – २१ डिसेंबर १९८०, रिओ दि जानेरो) हे ब्राझीलचे नाटककार, कादंबरीकार, स्तंभलेखक व क्रीडापत्रकार होते. आधुनिक ब्राझिलियन रंगभूमीचा आरंभ सामान्यतः त्यांच्या 'वेस्तिदो दे नोइवा' (वधूवेष) या नाटकाच्या १९४३ मधील प्रयोगापासून मानला जातो. त्यांनी एकूण सतरा नाटके लिहिली. या नाटकांत निसर्गवाद आणि अतिनाट्य (मेलोड्रामा) या दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या नाट्यपरंपरा एकत्र नांदतात. एकीकडे रिओच्या उपनगरांतील निम्नमध्यमवर्गाचे बारकाईने केलेले चित्रण, तर दुसरीकडे व्यभिचार, खून, आत्महत्या, गुप्त पत्रे आणि अखेरच्या क्षणी होणारे रहस्यस्फोट, असे या नाटकांचे रूप आहे. या दोहोंचा संबंध कसा लावायचा, हा रोद्रिगेस यांच्याविषयीच्या समीक्षेतील एक मध्यवर्ती प्रश्न आहे.

संज्ञा आणि पूर्वपरंपरा

निसर्गवाद ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये रूढ झालेली वाङ्मयीन भूमिका होय. एमिल झोला हे तिचे प्रमुख पुरस्कर्ते. मनुष्य हा आनुवंशिकता, परिस्थिती आणि शारीरिक प्रेरणा यांनी घडलेला प्राणी आहे व लेखकाने त्याचे निरीक्षण शास्त्रज्ञाच्या अलिप्ततेने करावे, अशी ही भूमिका आहे. वास्तववादात माणसाला निवडीचे थोडे स्वातंत्र्य असते. निसर्गवादात ते जवळजवळ उरत नाही. ब्राझीलमध्ये आलुइझियो आझेवेदो यांच्या 'ओ मुलातो' (१८८१) आणि 'ओ कोर्तिसो' (१८९०) या कादंबऱ्यांनी ही परंपरा रुजविली. 'ओ कोर्तिसो'मध्ये रिओतील एका दाटीवाटीच्या चाळीचे चित्रण आहे.

अतिनाट्याचा उगमही फ्रान्समधलाच. गिल्बेर द पिक्सेरेकूर यांच्या 'कोएलिना' (१८००) या नाटकापासून त्याचा इतिहास सांगितला जातो. निष्पाप नायिका, उघड खलपुरुष, योगायोग, हरवलेल्या नात्यांची ओळख पटणे, भावनांचा उद्रेक आणि अखेरीस सद्गुणाचा विजय ही त्याची ठळक लक्षणे होत. ब्राझीलमध्ये अतिनाट्याचे संस्कार रंगमंचाप्रमाणेच वृत्तपत्रांतील क्रमशः कादंबऱ्या ('फोल्येतिं') आणि १९४१ पासून सुरू झालेल्या रेडिओ कादंबऱ्या यांतूनही झाले.

रोद्रिगेस यांनी दोन्ही परंपरांचा उपयोग केला; मात्र कोणत्याही एकीची पूर्ण शिस्त त्यांनी पाळली नाही.

जीवनातील पार्श्वभूमी

रोद्रिगेस यांचा जन्म ब्राझीलच्या ईशान्येकडील रेसिफे शहरात झाला. ते लहान असतानाच, १९१६ मध्ये, कुटुंब रिओ दि जानेरो येथे स्थलांतरित झाले आणि शहराच्या उत्तर भागातील वस्तीत राहू लागले. पुढे त्यांच्या बहुतेक नाटकांत हाच 'उत्तर विभाग' घटनास्थळ म्हणून येतो. वडील मारियो रोद्रिगेस हे पत्रकार. त्यांनी १९२५ मध्ये 'आ मान्यां' आणि १९२८ मध्ये 'क्रितिका' ही दैनिके काढली. नेल्सन वयाच्या तेराव्या वर्षी वडिलांच्या वृत्तपत्रात गुन्हेवार्ताहर म्हणून काम करू लागले. प्रेमभंगातून झालेल्या आत्महत्या, संशयातून झालेले खून आणि जोडप्यांनी एकत्र घेतलेले विष अशा बातम्या हे त्यांचे पहिले लेखनसाहित्य ठरले.

२६ डिसेंबर १९२९ रोजी 'क्रितिका'च्या कचेरीत घडलेल्या घटनेने या कुटुंबाचे आयुष्य बदलले. वृत्तपत्राने सिल्विया सेराफिम या लेखिकेच्या वैवाहिक विभक्तीविषयी सनसनाटी मजकूर प्रसिद्ध केला होता. संतप्त झालेल्या सिल्विया कचेरीत आल्या. त्यांना मारियो रोद्रिगेस यांच्यावर सूड घ्यायचा होता. परंतु ते तेथे नसल्याने त्यांनी त्यांचा मुलगा, चित्रकार रोबेर्तो याच्यावर गोळी झाडली. सतरा वर्षांचे नेल्सन त्या वेळी कचेरीतच होते. तीन दिवसांनी रोबेर्तोचा मृत्यू झाला. पुत्रशोकाने खचलेले मारियो काही आठवड्यांतच, मार्च १९३० मध्ये, निधन पावले. पुढे ज्यूरीने सिल्विया यांना निर्दोष सोडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील राज्यक्रांतीत 'क्रितिका'ची कचेरी उद्ध्वस्त झाली आणि कुटुंब दारिद्र्यात लोटले गेले. नेल्सन यांना क्षयाने गाठले व १९३४ पासून कांपोस दो जोर्दाओ येथील आरोग्यधामात त्यांना वेळोवेळी राहावे लागले. १९३६ मध्ये धाकटा भाऊ झोफ्रे याच रोगाने दगावला.

त्यांच्या नाटकांत दिसणारे अकस्मात मृत्यू, क्षय, सूड आणि वृत्तपत्रांची क्रूरता यांना असा प्रत्यक्ष आधार होता. ज्याला प्रेक्षक अतिरंजित म्हणतात ते आपल्या घरात घडले आहे, हे रोद्रिगेस आपल्या आठवणींच्या लेखनातून वारंवार सूचित करीत.

नाटकांचे वर्गीकरण

समीक्षक साबातो मागाल्दी यांनी रोद्रिगेस यांच्या समग्र नाटकांचे संपादन केले. त्याचे खंड १९८१ पासून प्रसिद्ध झाले. त्यांनी केलेले वर्गीकरण आज सर्वत्र वापरले जाते. पुढील यादीत कंसातील वर्ष पहिल्या प्रयोगाचे आहे.

मानसशास्त्रीय नाटके
- आ मुल्येर सें पेकादो – निष्पाप स्त्री (१९४२)
- वेस्तिदो दे नोइवा – वधूवेष (१९४३)
- वाल्सा नूमेरो सेइस – वॉल्ट्झ क्रमांक ६ (१९५१)
- व्हियुवा, पोरें ओनेस्ता – विधवा, तरीही सच्छील (१९५७)
- आंती-नेल्सन रोद्रिगेस – नेल्सन रोद्रिगेसविरोधी (१९७४)

मिथकात्मक नाटके
- आंझो नेग्रो – काळा देवदूत (१९४८)
- दोरोतेइया (१९५०)
- सेन्योरा दोस आफोगादोस – बुडालेल्यांची माउली (१९५४)
- आल्बुम दे फामिलिया – कुटुंबाचा अल्बम (१९६७)

कारिओका शोकांतिका ('कारिओका' म्हणजे रिओ शहरातील)
- आ फालेसिदा – दिवंगता (१९५३)
- पेर्दोआ-मे पोर मे त्राइरेस – मला दगा दिलास म्हणून मला क्षमा कर (१९५७)
- ओस सेते गातिन्योस – मांजरीची सात पिल्ले (१९५८)
- बोका दे ओरो – सोनेरी तोंड (१९६०)
- ओ बेझो नो आस्फाल्तो – डांबरी रस्त्यावरचे चुंबन (१९६१)
- बोनितिन्या, मास ओर्दिनारिया – गोंडस, पण हलकी (१९६२)
- तोदा नुदेझ सेरा कास्तिगादा – सर्व नग्नतेला शासन होईल (१९६५)
- आ सेर्पेंते – सर्प (१९८०)

निसर्गवाद आणि अतिनाट्य यांचा मेळ सर्वांत स्पष्टपणे तिसऱ्या गटात दिसतो. परंतु त्याची बीजे पहिल्या गटातच आहेत.

'वधूवेष' : मनातील अतिनाट्य

'वेस्तिदो दे नोइवा'चा पहिला प्रयोग २८ डिसेंबर १९४३ रोजी रिओच्या म्युनिसिपल थिएटरात 'ओस कोमेदियांतेस' या हौशी नाट्यसंस्थेने केला. दिग्दर्शक पोलंडहून आलेले झ्बिग्निएव झिएंबिन्स्की होते, तर नेपथ्य तोमास सांता रोझा यांचे होते. त्या काळी ब्राझीलच्या रंगभूमीवर हलक्याफुलक्या सामाजिक सुखात्मिका आणि संगीतप्रहसने यांचे वर्चस्व होते. नट पडद्याआडच्या सांगत्यावर विसंबून असत आणि एखादा लोकप्रिय नट हाच नाटकाचा आधार असे. या पार्श्वभूमीवर हा प्रयोग अभूतपूर्व ठरला.

नाटकाची नायिका आलाइदे हिला मोटारीची धडक बसली आहे व शस्त्रक्रियेच्या टेबलावर ती मृत्यूशी झुंजत आहे. रंगमंच तीन पातळ्यांत विभागलेला आहे : वास्तव, स्मृती आणि भ्रम. वास्तवाच्या पातळीवर शल्यविशारदांचे तुटक संवाद, वार्ताहरांचे दूरध्वनी आणि वृत्तपत्रे विकणाऱ्या पोरांच्या आरोळ्या आहेत. हे सारे कोरड्या, नोंदवजा निसर्गवादी शैलीत येते. भ्रमाच्या पातळीवर आलाइदेला मादाम क्लेसी भेटते. १९०५ मध्ये एका किशोरवयीन प्रियकराने जिचा खून केला ती ही गणिका. आलाइदेला तिची रोजनिशी माहेरच्या घराच्या माळ्यावर सापडली होती. बहिणीचा प्रियकर हिरावून घेतल्याची अपराधी भावना, नवरा व बहीण आपल्या जिवावर उठले असल्याचा संशय आणि क्लेसीची कहाणी यांची आलाइदेच्या मनात सरमिसळ होते. त्यात 'ला त्राव्हियाता' हा ऑपेरा आणि 'गॉन विथ द विंड' या कथेतील तपशीलही मिसळतात.

अतिनाट्य येथे केवळ लेखकाची शैली राहत नाही. ते पात्राच्या मनात साठलेले द्रव्य असते. मध्यमवर्गीय स्त्रीला आपल्या दडपलेल्या इच्छांसाठी जी भाषा उपलब्ध आहे, ती ऑपेरा, चित्रपट आणि जुन्या खुनांच्या बातम्या यांचीच आहे. मरणाऱ्या मेंदूचे निरीक्षण हा निसर्गवादी प्रकल्प आहे. त्या मेंदूत काय आढळते, तर अतिनाट्य.

'सुझाना फ्लाग' आणि 'जीवन जसे आहे तसे'

रोद्रिगेस यांनी अतिनाट्याचे तंत्र व्यवसाय म्हणून आत्मसात केले होते. १९४४ मध्ये त्यांनी 'सुझाना फ्लाग' या स्त्रीनामाने 'मेउ देस्तिनो ए पेकार' (पाप करणे हेच माझे प्राक्तन) ही क्रमशः कादंबरी लिहिली. ती अत्यंत लोकप्रिय झाली आणि त्याच नावाने त्यांनी आणखी कादंबऱ्या लिहिल्या. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वाचकाला अडकवून ठेवणारी कलाटणी देण्याची हातोटी त्यांना तेथे मिळाली. नाटकांतील अंकांचे शेवट पाहिले असता ती लगेच ओळखू येते.

१९५१ ते १९६१ या काळात त्यांनी 'उल्तिमा ओरा' या दैनिकात 'आ व्हिदा कोमो एला ए' (जीवन जसे आहे तसे) हा कथास्तंभ चालविला. शीर्षक निसर्गवादाचे आश्वासन देते. कथा मात्र बहुधा व्यभिचार, मत्सर आणि अनपेक्षित मृत्यू यांच्या असत. पगारदार कारकून, मत्सरी नवरे, शेजारणी आणि ट्राममधील ओळखी यांच्या या जगातून कारिओका शोकांतिकांची पात्रे थेट उचललेली आहेत.

निसर्गवादी घटक

परिसर. कारिओका शोकांतिकांत रिओचे भौगोलिक तपशील अचूक येतात. प्रासा दा बांदेइरा हा चौक, मादुरेइरा हे उपनगर, माराकानां हे फुटबॉलचे मैदान ही खरी स्थळे आहेत. मटक्यासारखा बेकायदा आकड्यांचा जुगार 'झोगो दो बिशो', पत्ते पाहून भविष्य सांगणाऱ्या बायका आणि अंत्यविधीची दुकाने यांतून निम्नमध्यमवर्गाचे जीवन उभे राहते.

शरीर. खोकला, ताप, घाम, गर्भारपण, कर्करोग या गोष्टी नाटकांत सतत येतात. माणसाचे शरीर त्याच्या नैतिक घोषणांना खोटे पाडते, हा निसर्गवादी धागा येथे मिळतो.

नियतिवाद. कुटुंबातील एखादी वासना वा विकृती पुढच्या पिढीत उतरते आणि पात्रे तिच्यापासून सुटू शकत नाहीत. 'आल्बुम दे फामिलिया'मध्ये हा नियतिवाद टोकाला नेला आहे. तेथे कुटुंबातील प्रत्येक जण कुटुंबातीलच कोणाच्या तरी निषिद्ध ओढीने पछाडलेला आहे, तर दृश्यांमध्ये दाखविल्या जाणाऱ्या छायाचित्रांवर बोलणारा निवेदक त्या घराण्याचे गोडवे गात राहतो.

भाषा. ब्राझीलच्या रंगभूमीवर बोलीभाषेला प्रतिष्ठा देण्यात रोद्रिगेस यांचा वाटा मोठा आहे. त्यांची वाक्ये आखूड असतात, मध्येच तुटतात, कित्येकदा एकाच शब्दाची असतात. रिओच्या बोलीतील 'बाताता' हा शब्द त्यांची पात्रे 'अगदी हमखास' या अर्थाने वापरतात. हा तोच पोर्तुगीज शब्द, ज्यावरून मराठीत 'बटाटा' आला.

मात्र नेपथ्याच्या बाबतीत रोद्रिगेस निसर्गवादी नाहीत. 'आ फालेसिदा'च्या रंगसूचनांनुसार रंगमंच रिकामा आहे, मागे केवळ पडदे आहेत आणि पात्रेच गरजेप्रमाणे खुर्च्या-टेबले आणतात व नेतात. वास्तवाचा आभास वस्तूंतून निर्माण न होता बोलण्यातून व सवयींतून निर्माण होतो.

अतिनाट्यातील घटक आणि त्यांचा विपर्यास

कुमारिका आणि वेश्या, सती आणि व्यभिचारिणी ही अतिनाट्यातील ठोकळेबाज द्वंद्वे रोद्रिगेस स्वीकारतात आणि मग ती उलटी करतात. 'ओस सेते गातिन्योस'मधील नोरोन्या हा ब्राझीलच्या लोकप्रतिनिधी सभागृहातील शिपाई. धाकटी मुलगी सिलेने हिचे लग्न पांढऱ्या वेषात, कौमार्य राखून व्हावे यासाठी तिच्या चार बहिणी शरीरविक्रय करून पैसे जमवितात. गाभण मांजरीला मारल्यामुळे सिलेनेला निवासी शाळेतून घरी पाठविले जाते आणि ती स्वतः गर्भवती असल्याचे उघड होते. ज्या पावित्र्यासाठी घराने सर्व काही विकले, ते पावित्र्य अस्तित्वातच नव्हते.

अतिनाट्यात रहस्यस्फोटाने नैतिक व्यवस्था पुन्हा स्थापित होते : निरपराध्याची सुटका होते, खलपुरुषाला शासन होते. रोद्रिगेस यांच्याकडे रहस्यस्फोट होतो. व्यवस्था मात्र परत येत नाही. उलट ती कधी नव्हतीच, हे कळते.

निवडक नाटकांतील सांगड

आ फालेसिदा. झुल्मिरा ही क्षयाने आजारी असलेली गरीब गृहिणी. आयुष्यात काहीच मिळाले नाही, निदान अंत्ययात्रा तरी थाटाची व्हावी, एवढीच तिची इच्छा आहे. बेकार नवरा तुनिन्यो फुटबॉलच्या नादात आहे. मरताना ती त्याला एका धनिकाकडे जाऊन पैसे मागायला सांगते. तेथे गेल्यावर तो धनिक आपल्या बायकोचा प्रियकर होता, हे तुनिन्योला कळते. तो धमकावून पैसे उकळतो, बायकोला सर्वांत स्वस्त शवपेटीतून पुरतो आणि उरलेली रक्कम घेऊन वास्को संघावर पैज लावण्यासाठी माराकानां मैदान गाठतो. तेथे गर्दीत तो एकटा रडत उभा राहतो. क्षयी नायिका, गुप्त प्रियकर, सूड ही सामग्री जुन्या अतिनाट्याची आहे. शवपेटीच्या किमतीची घासाघीस आणि सामन्याचा गोंगाट निसर्गवादाचा. नवऱ्याचे ते रडणे अपमानाचे, दुःखाचे की प्रेमाचे, याचा निर्णय नाटक देत नाही.

बोका दे ओरो. सर्व दात काढून सोन्याचे बसविणारा आणि सोन्याच्या शवपेटीचे स्वप्न पाहणारा मादुरेइराचा जुगारसम्राट या नाटकाच्या केंद्रस्थानी आहे. त्याचा खून झाल्यावर एक वार्ताहर त्याची जुनी प्रेयसी गिगी हिची मुलाखत घेतो. एकाच जोडप्याशी निगडित घटना ती तीनदा सांगते. प्रथम ती मत्सराने बोलते, मग त्याच्या मृत्यूची बातमी कळताच हळवी होते आणि शेवटी नवऱ्याशी समेट झाल्यावर सूर पुन्हा बदलते. मुलाखत हे वास्तव नोंदविण्याचे साधन; पण प्रत्येक वेळी हाती येते ते सांगणाऱ्याच्या भावनेनुसार रचलेले वेगळे अतिनाट्य. अखेरीस शवागारात पडलेल्या त्या देहाच्या तोंडात एकही दात उरलेला नसतो.

ओ बेझो नो आस्फाल्तो. हे नाटक रोद्रिगेस यांनी अभिनेत्री फेर्नांदा मोंतेनेग्रो यांच्या आग्रहावरून लिहिले. रस्त्यात वाहनाखाली चिरडलेला एक अनोळखी माणूस मरताना चुंबन मागतो आणि आरांदिर हा साधा नोकरदार त्याची ती अखेरची इच्छा पुरवितो. तेथे हजर असलेला 'उल्तिमा ओरा'चा वार्ताहर आणि एक पोलीस अधिकारी मिळून या करुणेच्या कृतीचे समलिंगी संबंधाच्या, पुढे खुनाच्या बातमीत रूपांतर करतात. रोद्रिगेस यांनी येथे वृत्तपत्राचे व वार्ताहराचे खरेच नाव वापरले आहे. साक्षीदारांवर दडपण येते, शेजारी आणि सहकारी पाठ फिरवितात, शेवटी पत्नी सेल्मिन्या हिचाही विश्वास उडतो. सासरा आप्रिजिओ जावयाचा तिरस्कार करतो, असे सर्वांना वाटते; तो त्याचे नावही कधी उच्चारत नाही, हे सेल्मिन्या आरंभीच बोलून दाखविते. शेवटच्या दृश्यात कळते की तो द्वेष मत्सराचा होता आणि मत्सर मुलीमुळे नव्हे, तर आरांदिरवरील प्रेमामुळे होता. तो जावयाला गोळी घालतो आणि मग प्रथमच त्याचे नाव उच्चारतो.

हा शेवट पूर्णतः अतिनाट्यातील आहे. परंतु त्याआधीची बातमी रचण्याची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने, कोरडेपणाने दाखविली आहे. सत्य शेवटी फक्त प्रेक्षकांना कळते. आरांदिरच्या नावावरील कलंक तसाच राहतो. वृत्तपत्रातील एका मजकुरामुळे स्वतःचा भाऊ गमावलेल्या, त्याच व्यवसायात आयुष्य घालविलेल्या लेखकाचे हे नाटक आहे, ही गोष्ट लक्षात घेतली की त्यातील अतिरेकाचा अर्थ बदलतो.

तोदा नुदेझ सेरा कास्तिगादा. विधुर एर्कुलानो, वेश्या जेनी, मृत आईच्या आठवणीत गुरफटलेला मुलगा सेर्जिन्यो आणि तीन सोवळ्या मावश्या यांची ही कथा आहे. आत्महत्या केलेल्या जेनीचा ध्वनिमुद्रित आवाज ती सांगतो. अतिनाट्यातील 'मृत्यूनंतर सापडलेले पत्र' येथे टेपरेकॉर्डरच्या रूपाने येते.

बंदी आणि विरोध

१९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अप्रिय रंगभूमी' या अर्थाच्या शीर्षकाच्या लेखात रोद्रिगेस यांनी आपली नाटके रोगट असून प्रेक्षकांत विषमज्वर व मलेरिया पसरवू शकतील, असे उपरोधाने म्हटले होते. 'आल्बुम दे फामिलिया'वर १९४६ मध्ये बंदी आली. ती १९६५ मध्ये उठली. 'आंझो नेग्रो'मधील कृष्णवर्णीय डॉक्टर इस्माएलची भूमिका आब्दियास दो नासिमेंतो यांनी करावी, अशी लेखकाची इच्छा होती. परंतु १९४८ च्या प्रयोगात ती तोंडाला काळा रंग फासलेल्या श्वेतवर्णीय नटाने केली. वर्णद्वेषावरील नाटकाचाच प्रयोग वर्णद्वेषाच्या अटींवर झाला. १९५७ मध्ये 'पेर्दोआ-मे पोर मे त्राइरेस'च्या पहिल्या प्रयोगात स्वतः लेखकाने काका राउल ही भूमिका केली आणि प्रेक्षकांची हुर्यो ओढवून घेतली.

रोद्रिगेस राजकीयदृष्ट्या उजव्या विचारांचे होते. स्वतःला 'प्रतिगामी' म्हणविण्यात त्यांना अभिमान वाटे आणि १९६४ नंतरच्या लष्करी राजवटीचे त्यांनी समर्थन केले. मात्र १९७२ मध्ये त्यांच्या मुलाला त्याच राजवटीने अटक करून त्याचा छळ केला. त्यानंतर ते राजकीय बंद्यांच्या सर्वंकष माफीच्या बाजूने उभे राहिले.

समीक्षा

रोद्रिगेस यांच्या नाटकांकडे पाहण्याचे तीन ठळक दृष्टिकोन आहेत. पहिला त्यांना शोकांतिकाकार मानतो आणि मिथकात्मक नाटकांना महत्त्व देतो. 'सेन्योरा दोस आफोगादोस'चे यूजीन ओनील यांच्या 'मोर्निंग बिकम्स इलेक्ट्रा'शी असलेले नाते येथे दाखविले जाते. दुसरा त्यांना रिओच्या निम्नमध्यमवर्गाचे भाष्यकार मानतो. तिसरा दृष्टिकोन अतिनाट्याकडे उणीव म्हणून न पाहता ते जाणीवपूर्वक वापरलेले साधन मानतो : वासना आणि प्रतिष्ठा यांतील ताण इतका तीव्र आहे की संयत वास्तववादाच्या भाषेत तो मावत नाही, असे त्याचे म्हणणे.

आक्षेपही गंभीर आहेत. स्त्रीपात्रांच्या इच्छांचा शेवट बहुधा मृत्यूत होतो. समलिंगी प्रेम रहस्य वा धक्का म्हणूनच येते. हे त्या समाजाचे निदान आहे की लेखकाचाच पूर्वग्रह, याविषयी मतभेद आहेत. 'ओ बेझो नो आस्फाल्तो'मध्ये पूर्वग्रहाचे यंत्र उघडे पाडणारा लेखक शेवटी त्याच पूर्वग्रहातील धक्क्यावर पडदा पाडतो, हे या मतभेदाचे बोलके उदाहरण आहे.

रूपांतरे आणि प्रभाव

नेल्सन पेरेइरा दोस सांतोस ('बोका दे ओरो', १९६३), लेओन इर्झमान ('आ फालेसिदा', १९६५, प्रमुख भूमिका फेर्नांदा मोंतेनेग्रो), आर्नाल्दो जाबोर ('तोदा नुदेझ सेरा कास्तिगादा', १९७३) आणि ब्रूनो बारेतो ('ओ बेझो नो आस्फाल्तो', १९८१) यांनी या नाटकांवर चित्रपट केले. जाबोर यांच्या चित्रपटाला बर्लिन चित्रपट महोत्सवात रौप्य अस्वल पुरस्कार मिळाला. १९८१ मध्ये दिग्दर्शक आंतुनेस फिल्यो यांनी 'नेल्सन रोद्रिगेस – ओ एतेर्नो रेतोर्नो' (चिरंतन पुनरागमन) हा प्रयोग सादर करून मिथकाच्या अंगाने या नाटकांचे नवे वाचन घडविले. रुइ कास्त्रो यांचे चरित्र 'ओ आंझो पोर्नोग्राफिको' १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९६ मध्ये 'आ व्हिदा कोमो एला ए'मधील कथा दूरचित्रवाणीवर आल्या आणि वृत्तपत्राच्या स्तंभातून निघालेले हे अतिनाट्य पुन्हा घराघरांत पोहोचले.